कुरकुरणारी गोधडी

एकदा एका कापडवाल्या शेठजींच्या कानावर एक बातमी पडली, आणि तीही अर्धीच. दुकानाच्या पायरीवर दोन बायका चपला घालता घालता बोलत होत्या. शेठजी आत, टांगलेल्या चादरींच्या मागे कापडाचे ठाण रचत होते. ते तिथे आहेत हे त्या बायकांना कुठले ठाऊक!

"ऐकलंस का," एकजण म्हणाली, "ह्यांचा मल्लिनाथ म्हणे दुकान सोडून..."

इतक्यात चादर हलली. दुसरीने तिला कोपर मारले, आणि पुढचे शब्द बाजाराच्या गलबल्यात विरून गेले.

पुरी बातमी माणूस ऐकतो, रडायचे तर रडतो, हसायचे तर हसतो, आणि जेवायला बसतो. अर्धी बातमी त्याच्या आधी पाटावर येऊन बसते. शेठजींचे तसेच झाले. मल्लिनाथ हा त्यांचा एकुलता मुलगा. लग्न झालेला, एका मुलीचा बाप. मिसरूड फुटल्यापासून तो बापाच्या हाताखाली होता. सोडून म्हणजे कुठे जाणार? कुणाबरोबर? आणि का? मुलाला विचारावे तर जीभ रेटेना. उत्तर "हो" आले तर काय करायचे, हे कुठे ठरले होते!

दोन दिवसांनी सून वाढताना म्हणाली, "मामंजी, दुपारचे थोडे पडत जा ना घरी. दुकान हे बघतील."

शेठजींच्या हातातला घास हातातच राहिला. बातमीचा उरलेला अर्धा भाग आपल्याला मिळाला, असे त्यांनी मनाशी धरले: आपणच आता मुलाला दुकानात नकोसे झालो.

ते घरी पडून थोडेच राहणार! दुकानामागच्या बोळात एक वृद्ध बाई राहत असत. अख्खी आळी त्यांना आत्याबाई म्हणे. गोधड्या शिवण्यात त्यांचा हात धरणारे पंचक्रोशीत कुणी नव्हते. दुकानातल्या कापलेल्या कडा आणि उरलेले तुकडे त्यांच्याकडे जात. त्या दुपारी शेठजी तुकड्यांचे गाठोडे घेऊन स्वतःच निघाले. माणसाला घरात करमेनासे झाले की त्याला कुठलेही काम महत्त्वाचे वाटू लागते.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर जुन्या लग्नपत्रिकांची चळत होती. त्या पत्रिकांच्या जाड कागदाचे त्या एकसारखे षट्कोन कापत होत्या. एका षट्कोनावर त्यांनी थोडे मोठे कापड ठेवले, कडा मागे दुमडल्या आणि लांब लांब कच्चे टाके घालून ते कागदासकट टाचले. तुकड्याचे सहाही कोपरे नव्या विटेसारखे उठून दिसू लागले.

शेठजींनी जन्मभर कापड मोजले होते, फाडले होते, विकले होते. कापड इतके आज्ञाधारक झालेले मात्र त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"हे कुठं शिकलात, आत्याबाई?"

"मिशनच्या दवाखान्यात एक परदेशी नर्सबाई होती, तिच्याकडं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. सुई दोघींना येत होती." आत्याबाईंनी वर पाहिले. "बसायचं तर बस. पण हात रिकामे ठेवून बघायला हा काही तमाशा नव्हे."

त्या वयाने इतक्या मोठ्या होत्या, की शेठजींना "अरे" म्हणणाऱ्या गावात आता त्याच एक उरल्या होत्या. शेठजी बसले.

पहिल्या दिवशी सुई कापडापेक्षा बोटातच जास्त गेली. दुसऱ्या दिवशी कागद कापडाबाहेर डोकावू लागला. पुढे मात्र हात बसला. दोन तुकडे तोंडाला तोंड लावून धरायचे आणि काठाकाठाने बारीक टाके घालत जायचे. सुई कापडातून जावी, कागदाला नुसती घासून जावी. मध्ये एक तुकडा, भोवती सहा, की झाले फूल! पहिले फूल पुरे झाले तेव्हा शेठजींनी ते उजेडाला धरले, उलटे केले, सुलटे केले, आणि चहा गार होऊ दिला.

बोळातून जाणाऱ्या बायकांना तर पर्वणीच लागली.

"काय शेठजी, उद्यापासून पापड लाटायला येताय ना?"

"येईन की," शेठजी सुईवरून नजर न काढता म्हणत, "पण तुमच्यासारखे वातड करायचे असतील तर शिकून काय उपयोग?"

बायका हसत हसत पुढे जात. शेठजींनाही बरे वाटे. नातीसाठी गोधडी करायची, असे त्यांनी ठरवले.

एके दिवशी आत्याबाईंनी त्यांच्या फुलातल्या कडेच्या एका पाकळीचे टाचण उसवले आणि आतला कागद ओढून काढला. पाकळीची बाहेरची दुमड लगेच सुटली. कापड कोमेजल्यासारखे खाली पडले.

"बघितलंस? ह्याला अजून सगळीकडून शेजार मिळालेला नाही. ज्याच्या सहाही बाजू शेजाऱ्यांना जोडल्या गेल्या, त्याचाच कागद काढायचा. आधी काढला की असं होतं."

शेठजींनी ती गोष्ट मनात पक्की बसवली. पण आपण माणसे गोष्ट अर्धी ऐकतो आणि सोयीचा अर्धा भाग ठेवून घेतो. कागद काढला की कापड पडते, एवढेच त्यांनी ठेवून घेतले.

तिकडे दुकानात रोजचा क्रम चालूच होता. सकाळी एखादे गिऱ्हाईक यायचे, मल्लिनाथ लुगडी उलगडून दाखवायचा, की गादीवरून आवाज यायचा, "ते नको रे, वरच्या फळीवरचं काढ." मल्लिनाथ गज हातात घ्यायचा, की आवाज यायचा, "कापड ताणू नको." लग्नाचे कापड असले तर शेठजी गादीवरून उठून कात्री स्वतःच घ्यायचे. गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. ती मल्लिनाथशी बोलताना शेठजींकडे पाहत. मल्लिनाथ घड्या घालीत राही. अलीकडे त्या घड्या फारच सावकाश पडत, हे शेठजींच्या लक्षात येई. पण हे सारे त्याच्या भल्यासाठीच आहे, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

फुलांना फुले जोडत गोधडीचा वरचा पदर पुरा झाला. सगळ्या कडांना जांभळी पट्टी लागली. फक्त एका बाजूची पट्टी कमी पडली म्हणून तेवढी कड राहिली.

"आता मधले कागद काढ," आत्याबाई म्हणाल्या, "आणि मग अस्तर लाव."

शेठजी गोधडी घरी घेऊन गेले. पलंगावर पसरली. काय तिचा ताठा! एक रेघ वाकडी नाही, एक कोपरा मऊ नाही. कागद काढले तर हे सगळे ढिले पडेल, या विचाराने त्यांचा हातच पुढे होईना. शेवटी त्यांनी एकही कागद न काढता मागून अस्तर लावले, चारी कडा शिवून घेतल्या, आणि दुसऱ्या दुपारी गोधडी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली.

आत्याबाईंनी तिच्यावरून हात फिरवला. गोधडी कुरकुरली. आत्याबाई रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी एक सतरंजी आणली, ओट्यावर अंथरली, उशी ठेवली आणि म्हणाल्या, "झोप."

"कोण? मी?"

"मग काय मी? पड इथं. ही घे अंगावर."

भर दुपारी, बोळाच्या तोंडाशी, गावातला एक प्रतिष्ठित व्यापारी सतरंजीवर आडवा झाला. डोळे मिटले. श्वास घेतला, तर छातीवर कुर्रर्र झाले. कूस बदलली, तर पापडाच्या डब्यात पडल्यासारखे वाटले. पाय जवळ घ्यावेत तर गोधडी दुमडेना. तंबूसारखी उभी राहून बाजूने वारा आत घेऊ लागली. ऊब म्हणून काही नाहीच. बोळातून जाणारी एक बाई थबकली, कुरकुर ऐकून तोंडाला पदर लावून पुढे गेली. मग शेठजी निपचित पडून राहिले, तरी गोधडी आपली बोलतच होती.

अखेर ते उठून बसले. "आत्याबाई, ही झोपू देत नाही."

आत्याबाईंनी कात्री घेतली आणि शेठजींनी इतक्या निगुतीने लावलेले अस्तर एका बाजूने सरळ उसवून टाकले. शेठजींच्या तोंडून "अहो!" निघून गेले.

"असा दचकू नको," आत्याबाई म्हणाल्या. "कागद वाईट नव्हता, बाळा. त्याच्याशिवाय ह्या चिंध्यांना आकार आलाच नसता. पण तुला वाटतं, अजून कागदच गोधडी धरून ठेवतोय. नाही रे. तिला कधीचंच टाक्यांनी धरलंय, शेजाऱ्यांनी धरलंय. कागदाचं काम संपलं, आणि त्याला ते कुणी सांगितलं नाही. आता तो आत राहिला, तर गोधडी सरळ दिसेल, पण ऊब देणार नाही. ज्याच्या अंगावर घालशील, त्याला प्रत्येक कुशीला तुझाच आवाज ऐकू येईल."

समोर गोधडी होती; पण शेठजींना दिसत होते ते सावकाश, फार सावकाश घड्या घालणारे दोन हात.

"आत्याबाई," ते म्हणाले, "मल्लू दुकान सोडून चाललाय म्हणे."

"म्हणे? त्याला विचारलंस?"

"नाही."

"मग माझ्या ओट्यावर काय करतोस? पण आधी कागद काढ. हातातलं काम टाकून जाऊ नये."

मग शेठजींनी एकेका तुकड्याचा कच्चा दोरा ओढून काढला, मागून बोट घालून कागद सोडवला. कुठल्यावर अर्धा गणपती निघाला, कुठल्यावर कुणाच्या मामाचे अर्धे नाव. एकेक कागद बाहेर आला तसतसा तिथला कापडाचा तुकडा मऊ झाला, पण जागचा हलला नाही. कोपऱ्याला कोपरा तसाच भिडलेला. पहिले काही कागद त्यांनी कापड एका हाताने दाबून धरून काढले. पुढे त्यांना त्यात गोडी वाटू लागली. शेंगा सोलाव्यात तसे ते कागद काढू लागले, मध्येच गालाला गोधडी लावून पाहू लागले.

पट्टी न लागलेल्या बाजूपाशी ते थांबले. "आणि हे?"

"त्यांना अजून शेजार कुठं मिळालाय? ते राहू दे."

शेठजी दुकानात आले तेव्हा लेकीच्या साखरपुड्यासाठी आलेली एक बाई खणाचे कापड निवडून बसली होती. त्यांना पाहताच ती म्हणाली, "बरं झालं आलात! कात्री तुम्हीच लावा शेठजी. शुभाचं कापड आहे."

मल्लिनाथने सवयीने कात्री गादीकडे सरकवली.

शेठजींनी ती उचलली. ओठांवर "ताणू नको" आलेच होते. ते त्यांनी गिळले, आणि कात्रीची मूठ मुलाकडे करून ती त्याच्यापुढे धरली. "बाई, ह्या दुकानात कात्री हाच लावतो."

मल्लिनाथने बापाकडे पाहिले. मग कापड मोजले. शेठजींनी धरले असते त्याहून चार बोटे सैल धरले आणि कापले. छप्पर कोसळले नाही. बाई खूश होऊन गेली.

"अप्पा, बरं आहे ना तुम्हाला?" मल्लिनाथने विचारले. "कपाळ बघू."

"ताप नाही मला. मल्लू, तू दुकान सोडून चाललास, असं ऐकलं. खरं का?"

मल्लिनाथ कापडाच्या कडेशी चाळा करीत राहिला. "पेठेत एक गाळा बघून आलो होतो. तुमच्या कानावर कुणी घातलं? घर सोडणार नव्हतो, अप्पा. रात्री जेवायला इथंच आलो असतो. नुसतं दिवसा... इथं माझा हात चालेना हो. तुमचा आवाज येण्याआधीच मला तो ऐकू यायचा."

"दुपारचं घरी पडायला सुनबाईनं म्हणूनच सांगितलं?"

"छे! तुमचे गुडघे दुखतात म्हणून."

शेठजींना हसू आले, आणि डोळ्यांत पाणीही. ते त्यांनी कापडाच्या धुळीवर ढकलले.

"मग, त्या गाळ्याचं काय ठरवलंस?"

"अजून काही कळवलं नाही." मल्लिनाथने कात्री उचलून आपल्या बाजूच्या खिळ्याला अडकवली. "नाही म्हणून कळवतो. पण अप्पा, सुताचा पोत हात लावून मला अजून उमगत नाही. पुढच्या खरेदीला तुम्हीच चला बरोबर. तिथं मी एकटा फसेन."

मुलाने उलगडलेल्या ठाणाचे एक टोक शेठजींनी धरले, दुसरे मल्लिनाथने, आणि दोघांनी मिळून ते गुंडाळले.

बातमी अर्धी ऐकली होती, खरीही अर्धीच निघाली. आपण घरच्या माणसासाठी मायेने शिवलेली गोधडी त्याच्या अंगावर घालण्याआधी एक दुपार आपण स्वतः तिच्याखाली पडून पाहावी.