हत्ती, चार वाजवणारे आणि चढत गेलेला सूर

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा हत्ती बोलत असत आणि राजे कधीमधी ऐकतही असत, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, पुढे सरका. थोरांनी मागे बसलं तरी चालेल, तसंही तुम्ही डुलक्याच काढणार.

एका राज्यात डुलोबा नावाचा हत्ती होता. अंग डोंगराएवढं आणि जीव चिमणीएवढा. ढोल वाजला की त्याचे कान फडफडायचे, ताशा वाजला की पाय थरथरायचे, आणि कुणी शिंग फुंकलं की मग विचारूच नका. मागच्या दसऱ्याच्या स्वारीत असंच झालं. डुलोबा बिथरला, अंबारीसकट हलवायाच्या दुकानात घुसला, आणि महाराज थेट पाकाच्या कढईत जाऊन बसले. कढई गार होती म्हणून बरं, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती. पुढे कित्येक दिवस महाराज सिंहासनावर बसले की मुंग्या यायच्या.

महाराजांनी बजावलं, "या दसऱ्याला पुन्हा बिथरलास, तर पायात साखळदंड, आणि जन्मभर वखारीत ओंडके ओढायचे!"

डुलोबाने महाराजांच्या पायाशी सोंड टेकवली. हत्तीची सोंड ती, महाराजांना दोन पावलं मागे सरावं लागलं.

"महाराज, ढोलताशे नका लावू."

"बिनवाजंत्रीची स्वारी? मी राजा आहे की बाजाराला निघालेला वाणी?"

"मग तारेचं काहीतरी वाजवा. मऊसं."

दवंडी पिटली. चार जण आले, आणि चौघांनाही वाटलं होतं की आपण एकटेच येणार.

दोघं होते सख्खे भाऊ. दोघांच्याही हातात बारीक आवाजाची सारंगी. थोरल्याची मान अशी ताठ की स्वतःच्या पायातली वहाणही त्याला दिसत नसे. धाकला त्याची सावली. थोरला शिंकला तर नाक हा पुसणार. तिसरा दिलरुबा नावाचं तारेचं वाद्य वाजवायचा. नाकावर माशी बसली तर माशीला जाब विचारणारा माणूस, म्हणून त्याला सगळे चिडका म्हणत. चौथी होती एक मावशी. तिची सारंगी दाराएवढी उंच, बैलगाडीतून आणावी लागली. तिच्या जाड तातीचा, म्हणजे आतड्याच्या तारेचा, आवाज भरल्या रांजणात घुमावा तसा घुमायचा.

डुलोबाने एकेकाचं ऐकलं. थोरला वाजवू लागला तशी त्याच्या कानात खाज सुटली. धाकल्याने खाज दुसऱ्या कानात नेली. चिडक्याचा दिलरुबा ऐकून सोंड वळवळायला लागली. मावशीचं ऐकता ऐकता त्याला झोपच लागली, आणि झोपलेला हत्ती स्वारीच्या काय कामाचा?

मग चौघांचं भांडण जुंपलं. एकमेकांना गप्प करायला चौघंही एकदमच वाजवू लागले. त्या गोंधळात मध्येच, घास गिळण्याइतका वेळ, चारही सूर एकाला एक चिकटले. डुलोबाचे फडफडते कान जागच्या जागी थांबले.

"हेच!" तो ओरडला. "चौघं मिळून!"

"चौघं कशाला?" थोरला म्हणाला. "मी एकटा पुरे आहे."

"डासही एकटाच पुरतो," मावशी म्हणाली.

तेव्हापासून हत्तीखान्यात रोज तालीम सुरू झाली. तालीम कसली, कुस्तीच ती. कुणी धावायचा, कुणी रेंगाळायचा. चिडका म्हणायचा, "माझी जागा खाल्ली!" थोरला म्हणायचा, "तुला जागा होतीच कुठं?" पण हळूहळू ते एकमेकांच्या गजाकडे, म्हणजे तारांवर फिरणाऱ्या काठीकडे, बघायला लागले. एकाने श्वास घेतला की बाकीचे सावध व्हायचे. डुलोबा म्हणाला, "मावशीचा सूर जमिनीतून माझ्या पायात चढतो. त्याच्यावर तुम्हा तिघांचे बसतात. तेवढं सांभाळा रे, माझ्या पायांचा प्रश्न आहे."

दसरा उजाडला. गाव सकाळपासून चुळबुळत होतं. मागच्या वर्षी महाराज पाकात पडलेले, यंदा कशात पडतात ते बघायला माणसं कौलांवर चढली होती. तुम्ही असतात तर तुम्हीही चढला असतात, उगाच सोज्वळ तोंड करू नका.

पुढे बैलगाडीत चौघं, मागे डुलोबा, त्याच्यावर महाराज. पहिल्या चौकापर्यंत सगळं छान. मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वा!"

झालं. वा म्हटलं ते कुणाला?

थोरल्याला वाटलं, मलाच. लोकांना नीट कळावं म्हणून त्याने तार ताणायची खुंटी एवढीशी पिळली. वाजवणाऱ्यांचा हा जुना रोग आहे. बाकीच्यांहून सूर केसभर चढा लावला की आपला आवाज वर तरंगतो, आपणच चमकतो. थोरला चढला म्हणून धाकला चढला. चिडक्याने दोघांकडे बघितलं. "मला खाली पाडता काय?" म्हणत त्याने आपली खुंटी त्यांच्याहून वर नेली. मग थोरला आणखी वर. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तारा ताणल्या, गळ्यांच्या शिरा ताणल्या, बैलांचे कानसुद्धा ताठ झाले.

मावशी होती तिथंच होती.

"मावशी, बेसूर झालीस!" थोरला खेकसला.

"मी सकाळच्याच जागी आहे, मेल्यांनो! माडीवर तुम्ही चढलात."

"आम्ही तिघं, तू एकटी," चिडका म्हणाला. "खोटं कोण, ते लोकांना विचारू या का?"

लोक बघतच होते. मावशी कानकोंडी झाली. खरी असूनही तिने खुंटीला हात घातला आणि पिळली. आणखी पिळली. जाड तात ती, तिला कुठलं एवढं सोसतंय? तोफ उडावी तसा आवाज करत ती तुटली.

डुलोबाच्या पायातला सूर गेला. वर उरल्या किंचाळणाऱ्या तीन तारा. त्याचे कान फडफडले, पाय उचलले गेले, आणि स्वारी उधळली. चौकाच्या टोकाला आपट्याच्या पानांचा ढीग रचलेला होता. महाराज त्यात पडले. लोकांना वाटलं, सोनं लुटायची वेळ झाली. सगळे तुटून पडले, आणि पानांबरोबर महाराजांचा शेला, मोजडी आणि अर्धी मिशीही लुटून घेऊन गेले.

"साखळदंड आणा!" ढिगाखालून महाराज गरजले.

लोहार आला. डुलोबा पळाला नाही. त्याने मुकाट्याने पाय पुढे केला, पण सगळं अंग कापत होतं. "महाराज, एकदा ऐकू द्या. मावशीकडे दुसरी तात आहे. नंतर वखारीत मला करवतीशिवाय काही ऐकायला मिळायचं नाही."

"लोहाराचं काम होईपर्यंत काय वाजवायचं ते वाजवा."

मावशीने नवी तात चढवली. सूर लावला तो सकाळचाच. आता तिघांनी खाली यायला हवं होतं.

थोरला आभाळाकडे बघायला लागला. चिडका थोरल्याकडे बघून म्हणाला, "जो आधी चढला त्याने आधी उतरावं."

"आणि मी उतरलो, नि तू वरच राहिलास तर?"

लोहाराने पहिलं कडं पायात अडकवलं. ठण्ण!

धाकल्याने हत्तीकडे बघितलं. मग भावाकडे न बघता म्हणाला, "दादा, वर तुझ्या मागून आलो. खाली मी आधी जातो." जन्मात पहिल्यांदा त्याने भावाची वाट पाहिली नाही. खुंटी सैल केली, मावशीच्या सुराला कान लावला, आणि तिच्याशेजारी जाऊन बसावं तसा सूर बसवला.

दोघांचा आवाज ऐकून चौकातली कुजबुज थांबली. "म्हणजे आता मीच मूर्ख ठरतो की काय," पुटपुटत चिडकाही उतरला, रागारागाने, पण नेमका उतरला. वर एकटा थोरला राहिला. त्याची तार आता दारात शेपूट सापडलेल्या उंदरासारखी ऐकू येत होती. कौलावरची एक म्हातारी फिस्सकन हसली. थोरल्याची ताठ मान पहिल्यांदा वाकली, आणि बोटं खुंटीकडे गेली.

चारही सूर एक झाले. डुलोबाचे कान थांबले. पायातली थरथर खाली जमिनीत उतरून गेली.

महाराजांचा अजून विश्वास नव्हता. त्यांनी बघ्यांतल्या एका ढोलवाल्याला खूण केली. धडाम! गर्दीतली पोरं दचकली, महाराज स्वतः दचकले, लोहाराच्या हातातला हातोडा पडला. डुलोबा मात्र उभा होता, डोळे मिटून, मावशीच्या सुरावर पाय रोवून.

"कडं काढ," महाराज लोहाराला म्हणाले. आणि अर्ध्या मिशीनिशी पुन्हा अंबारीत चढले.

डुलोबा वखारीत गेला नाही. पुढे त्या राज्यात रिवाजच पडला. स्वारी निघण्याआधी मावशीची जाड तात वाजे, बाकीचे तिघं तिच्यावरून जुळवून घेत, आणि वाटेत खुंटीला हात लावायचा नाही. थोरल्याने एकदा लावून बघितला. डुलोबाने सोंडेने त्याचं पागोटं उचललं आणि सगळी स्वारीभर स्वतःच्या डोक्यावर ठेवलं.

यातून गाठीला बांधायचं ते एवढंच: वर चढायला सगळेच पुढे असतात, पण मेळ जमतो तो आधी खाली उतरणाऱ्यामुळे.