सायकलच्या ट्यूबचा बेल्ट

“गाणी बिघडली की मी बिघडलो, एवढंच सांगा मास्तर.”

उजगरे मास्तर हार्मोनियमच्या भात्याला कातडी पट्टी चिकटवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

कुलथे दारातच उभा होता. दोन्ही हातांत रेकॉर्ड प्लेअर, खांद्याला वह्यांनी भरलेली पिशवी आणि चप्पल काढण्याच्या गडबडीत एक पाय दुसऱ्यात अडकलेला.

“आधी ते खाली ठेव,” मास्तर म्हणाले. “पडलास तर तिघंही बिघडाल.”

कुलथेनं प्लेअर टेबलावर ठेवला. बसला. उठला. खिडकीशी गेला. खिडकीबाहेर शेजारच्या घराची भिंत होती, ती पाहून परत आला.

मुकुंद कुलथे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. उसाच्या रसात साखर किती, हे मोजण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. उरलेला वेळ रॉक संगीतात. ऐकलेल्या प्रत्येक रेकॉर्डची नोंद होती: तारीख, पहिल्यांदा काय वाटलं, तिसऱ्यांदा काय वाटलं आणि दहापैकी गुण, दशांश चिन्हासकट. अशा एकतीस वह्या. त्यांतून निवडून तो महिन्याला एक टिपण काढी आणि दीडशे लोकांना पाठवी. लोक त्याला मानत. तोही स्वतःला मानत असे.

मास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. भिंगारच्या छावणीत साहेब लोकांच्या मेसमधले रेडिओग्राम दुरुस्त करत त्यांचं आयुष्य गेलं. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. कॉलेजात असताना कुलथेला पहिली रॉकची रेकॉर्ड त्यांनीच ऐकवली होती. हा प्लेअरही त्यांनीच जुळवून दिला होता.

“सोमवारी टेम्पो येतोय,” कुलथे म्हणाला. “सहाशे चाळीस रेकॉर्डी संगमनेरच्या कॉलेजला देऊन टाकतोय. हा प्लेअरही. एकदा तपासून द्या, म्हणजे तिथे कुणी नावं ठेवायला नको.”

“आणि तू?”

“मी थांबलो. शेवटच्या वहीत लिहूनही टाकलं. यापुढे नोंद नाही.”

“का?”

“बसवत नाही. नवं काही लावलं की अर्ध्या मिनिटात हात पुढच्या गाण्यावर जातो. ते लावलं की त्याच्या पुढच्यावर. एका संध्याकाळी चाळीस गाणी लावली, मास्तर. एकही पुरं ऐकलं नाही.”

मास्तरांनी भाता दाबून पाहिला. हवा गळत होती.

“आणि जुनं?”

“जुन्यालाही आता... ” कुलथे थांबला. मग एकदम म्हणाला, “त्यांनी माझी रेकॉर्ड मारली.”

पिशवीतून त्यानं एक रेकॉर्ड काढली. वेष्टनाच्या कडा झिजून पांढऱ्या झाल्या होत्या. इंग्लंडमधल्या कुठल्याशा बंदरगावचा बँड, ‘ब्लाइंड फेरीमेन’. साल चौऱ्याहत्तर.

“हीच यंदा नव्यानं काढली. मूळ टेपांवरून, अमुक साफ केलं, तमुक उजळलं. मी फोनवर ऐकली. सगळी गाणी मंद! पाय ओढत चालल्यासारखी. आणि त्याच गायकानं पन्नास वर्षांनी नवी रेकॉर्ड काढलीय, ती तर विचारूच नका. आवाज बसलाय बाबाचा.”

“किती गुण दिलेस?”

“तीन पूर्णांक चार.”

“दशांश कशाचा?”

“शेवटच्या गाण्यात गिटार बरी आहे.”

मास्तर हसले. हात पुसून त्यांनी वह्यांची पिशवी ओढली. एक वही काढली, दुसरी काढली. चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरून ते वाचू लागले. कुलथे पाय हलवत राहिला. पेनाचं टोपण काढलं, लावलं. काढलं, लावलं.

“सगळीकडे एकच लिहिलंयस,” मास्तर म्हणाले. “नवं असलं की ‘दम नाही’. ‘ढिलं’. ‘झोपाळू’. जुनं असलं की ‘झेप’.”

“आहेच तसं.”

“सहाव्या वहीच्या मध्यापर्यंत नाहीये. तिथपर्यंत नव्यालाही आठ-आठ दिलेत. मग इथून...” त्यांनी पानावर बोट ठेवलं. “ऑगस्ट दोन हजार एक.”

“हो,” कुलथेचा चेहरा जरा उजळला. “त्या सुमाराला माझा कान तयार झाला.”

“एका महिन्यात?”

“होतो कधी कधी.”

मास्तरांनी वही मिटली. “नवं तू कशावर ऐकतोस?”

“तेव्हा कॅसेटवर. मग सीडी. आता फोन.”

“आणि जुनं?”

“जुनं ह्याच्यावर.” कुलथेनं प्लेअरवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

“लाव तर ती. तुझी मेलेली.”

कुलथेनं दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लावलं. ते त्याला डोळे मिटून लावता येत असे. गिटार सुरू झाली आणि मग तो आवाज आला. तरणा, धारदार, दम लागलेल्या माणसासारखा पुढे पुढे धावणारा.

कुलथेचा हलणारा पाय थांबला.

दोन हजार तीनमध्ये धाकटा भाऊ गेला, त्याच वर्षी कुलथेनं ही रेकॉर्ड घेतली होती. तेव्हा रोज सकाळी कारखान्यात जायच्या आधी तो हे गाणं लावायचा. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आईनं भात लावणं सोडलं होतं. हा आवाजच त्याला उठवून चपला घालायला लावायचा. चल म्हणायचा. जगायची घाई आहे, चल.

मास्तरांनी मांडीवरच्या हार्मोनियमवर त्या गाण्याचा सूर धरून पाहिला. पांढरी दाबली. जमेना. शेजारची काळी दाबली. जमेना.

“पट्टीतच बसत नाही,” ते पुटपुटले. “दोन पट्ट्यांच्या मधे गातोय हा.”

“मोठी माणसं तशी गातात.”

“हं.”

मास्तरांनी ड्रॉवरमधून पुठ्ठ्याची एक चकती काढली. कडेनं काळ्या ठिपक्यांची ओळ होती. रेकॉर्ड काढून त्यांनी ती फिरत्या थाळीवर ठेवली. वर त्यांची जुनी, चोकवाली ट्यूबलाइट घूं-घूं करत जळत होती. खोलीत दुपारीही ती लावावी लागे.

“ह्या ट्यूबच्या उजेडात बघ, ती सेकंदाला शंभरदा मिचकते. वेग बरोबर असेल तर ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. फिरत असून उभे.”

कुलथे वाकला.

ठिपके उभे नव्हते. थाळी फिरत होती त्याच दिशेनं सरकत होते. मुंग्यांची रांग निघावी तसे. थांबतच नव्हते.

“पळताहेत,” मास्तर म्हणाले.

“पळताहेत म्हणजे?”

“म्हणजे तुझा प्लेअर जोरात फिरतोय.”

“शक्य नाही. मी स्वतः...”

मास्तरांनी बटण बंद केलं, थाळी उचलली. खाली मोटरच्या कप्पीवरून एक काळा, जाडसर बेल्ट गेला होता. त्यांनी तो बोटावर घेऊन उजेडात धरला.

“हा माझा नाही.”

त्यांनी बेल्ट ताणून पाहिला.

“सायकलची ट्यूब?”

“तुमचा तुटला होता,” कुलथे म्हणाला. “एवढ्याशासाठी भिंगारपर्यंत कशाला यायचं... म्हणून मी कापला. स्टीलच्या पट्टीनं मापून. लांबी अगदी तंतोतंत होती, मास्तर.”

“लांबी होती. जाडी?”

कुलथेनं बेल्टची कड चिमटीत धरली.

“बेल्ट जाड झाला की मोटरची कप्पी मोठी झाल्यासारखी होते. कप्पी मोठी झाली की थाळी पळते. एवढंच.” मास्तरांनी बेल्ट टेबलावर ठेवला. “कधी कापलास?”

कुलथेनं सहावी वही ओढली आणि तेच पान उघडलं.

“ऑगस्टमध्ये,” कुलथे म्हणाला.

मास्तरांना खोकला आला. की हसू, ते कळलं नाही.

“चोवीस वर्षं!” कुलथे उठला. “मी दीडशे लोकांना लिहून पाठवलं. नव्या पोरांना दम नाही म्हणून. एका पोरानं उलट लिहिलं तर त्याला म्हटलं, आधी कान तयार कर... चोवीस वर्षं, मास्तर! आणि मी कारखान्यात रोज सकाळी काटा तपासून मगच वजन करतो!”

“बस.”

“बसू कसा?”

“मग उभा राहा. पण एका जागी.”

मास्तरांनी डब्यातून पातळ, नवा बेल्ट काढला. कप्पीवरून घातला, थाळी बसवली, चकती ठेवली. ठिपके क्षणभर थरथरले आणि उभे राहिले. थाळी फिरत होती आणि ठिपके उभे होते.

त्यांनी चकती काढून रेकॉर्ड लावली. तीच बाजू, तेच गाणं.

गिटार आली. जरा जड, जरा खालची. हार्मोनियमची पांढरी तिच्याशी नेमकी जुळली.

मग आवाज आला.

कुलथेनं मान वर केली. हा तरणा नव्हता. हा कुणीतरी दमलेला माणूस होता. ओझं उतरवून पायरीवर बसलेला. त्याला कुठं जायचं नव्हतं. तो कुणाला चल म्हणत नव्हता.

यंदाच्या नव्या रेकॉर्डवरचा आवाज हाच होता. बसलेला वगैरे काही नव्हता. पन्नास वर्षांपूर्वीही असाच होता.

शेवटचे सूर विरायच्या आत कुलथेनं पिन उचलली.

“हा तो नाही.”

“हाच तो.”

“माझा नाही! माझा काढा बाहेर. तो जुना बेल्ट घाला परत.”

मास्तरांनी निमूटपणे थाळी उचलली, नवा बेल्ट काढला आणि दोन्ही बेल्ट हातावर घेतले. एक पातळ, एक जाड.

“चुकीचाय तो, माहितेय मला,” कुलथे म्हणाला. “पण भाऊ गेला तेव्हा ह्यानंच मला उठवलंय. ट्यूबच्या तुकड्यानं उठवलं का मला? तसा माणूस त्या बँडमध्ये नव्हताच?... मग मी इतकी वर्षं कुणाला ऐकत होतो?”

मास्तरांनी जाड बेल्टवरची धूळ पुसली.

“आणि नवा घातला, तर सहाशे चाळीस रेकॉर्डी पुन्हा ऐकायला लागतील. एकतीस वह्या खोट्या. जुना घातला, तर मला कळत असताना खोटं ऐकायचं. ठिपके पळताना दिसत राहणार मला.” तो पुन्हा खिडकीशी गेला, पुन्हा भिंत पाहून परत आला. “सोमवारी टेम्पो येतोय. कॉलेजला कुठला घालून देऊ? तुम्ही सांगा. खरं कुठलं?”

“तू मघाशी नवा बेल्ट घातल्यावर काय बघत होतास?” मास्तरांनी विचारलं.

“ठिपके. मग... मग तो आवाज तसा का, ते.”

“गाण्यात शेवटी बाजा वाजतो. ऐकलास?”

“कुठला बाजा?”

“तोंडानं वाजवायचा. छोटा. गाणं संपता संपता येतो.”

“ह्या गाण्यात? मी हे गाणं हजार वेळा...” कुलथे थांबला. त्याला वही आठवली. पहिल्या कडव्यानंतर तो नेहमी लिहायला घेत असे. आणि भाऊ गेला त्या वर्षी, रोज सकाळी, शेवटाआधी कारखान्याचा भोंगा व्हायचा.

“नाही ऐकला,” तो म्हणाला.

मास्तर उठले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. त्यांनी कुलथेच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि हार्मोनियमच्या पेटीत टाकून झाकण लावलं. मग त्याला खुर्चीत बसवलं, तोंड भिंतीकडे करून.

पाठीमागे थाळी उचलल्याचा आवाज झाला. कप्पीवरून रबर ताणल्याचा बारीक चिवचिवाट. थाळी परत बसली.

खट्. ट्यूबलाइट बंद झाली. घूं-घूं थांबली. खोलीत खिडकीतून येणारा मळकट उजेड तेवढा राहिला. त्यात चकती ठेवली असती तरी ठिपके पळताहेत की उभे आहेत, ते दिसणार नव्हतं.

पिन टेकली. जुन्या रेकॉर्डची खरखर सुरू झाली.

कुलथेचा पाय हलू लागला. त्यानं मान वळवायचा प्रयत्न केला. मास्तरांचा हात त्याच्या खांद्यावर होता.

“मास्तर, कुठला घातलात?”

मास्तरांनी त्याची मान हळूच भिंतीकडे वळवली.

“पातळ की जाड? निदान एवढं तरी सांगा. म्हणजे मला कळेल, कसं ऐकायचं...”

“कुलथे,” मास्तर हळूच म्हणाले, “गाणं लागलंय.”