यासीनच्या सायकलीचा डिरेलर

“यासीन पुन्हा सायकलीवर बसणार आहे का, एवढंच सांगा, वस्ताद.”

रामलिंग वस्ताद चाकाच्या तारा आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला इचारतोस?”

“तुम्ही त्याचे गुरू आहात.”

“गुरू हाय. त्याचा पाय न्हाई.”

विक्रांत शिंत्रेला राग आला. गडहिंग्लजच्या या सायकल-तालमीत त्याच्याइतक्या वेगाने घाट चढणारा आजमितीला दुसरा कोणी नव्हता, आणि हे त्याला पुरते ठाऊक होते. रविवारी आंबोलीच्या घाटात राज्य संघाची निवड व्हायची होती. वयाच्या अटीमुळे त्याच्यासाठी ती अखेरची. आणि नेमका याच आठवड्यात त्याच्या सायकलीचा मागचा डिरेलर, म्हणजे साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा तो लहानसा सांगाडा, मधोमध मोडला होता.

सायकल जुनी, परदेशी बनावटीची. वस्तादांनी कधी काळी दोन शिष्यांसाठी जोडीने आणलेल्या सायकलींपैकी ही एक. तिच्या डिरेलरसाठी कोल्हापूर धुंडाळून झाले, बेळगाव धुंडाळून झाले. पुण्याच्या एका दुकानदाराने मॉडेलचे नाव ऐकताच, “साहेब, हे आता एखाद्या संग्रहालयात विचारा,” असे म्हणून फोन ठेवला. नवे डिरेलर हवे तितके मिळत होते. पण त्यांचे आटे या चौकटीच्या आट्यांशी जुळत नव्हते. आणि वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली सायकल सोडून, ऐन निवडीच्या दिवशी उसन्या सायकलीवर घाट चढण्याची कल्पनाही विक्रांतला सहन होत नव्हती.

जोडीतली दुसरी सायकल यासीन मुल्लाची. ती समोरच्या भिंतीवर, खुंटीला टांगलेली होती. उन्हाळ्यात घाट उतरताना यासीन पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले, तेव्हापासून ती तिथेच होती. तिची चौकट उंचापुऱ्या यासीनच्या मापाची. विक्रांतला ती मोठी पडे. डिरेलर मात्र तोच, तसाच, अखंड.

“डॉक्टर काय म्हणाले, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे,” विक्रांत म्हणाला. “ती आता सायकल राहिलेली नाही, वस्ताद. टांगून ठेवलेले सुटे भाग आहेत ते.”

वस्तादांनी चाकाला एक गिरकी दिली. चाक फिरत राहिले... आणि हळूहळू थांबले.

“तालमीचा नेम ठाव हाय न्हवं?”

“खुंटीवरची सायकल ज्याची त्यानंच उतरवायची.”

“मग?”

“मी उतरवत नाही. ती टांगलेलीच राहील. डिरेलर तेवढा काढून घेतो. नेम कुठे मोडला?”

वस्तादांनी आता प्रथमच त्याच्याकडे पाहिले.

मग त्यांनी हातातला पाना फडक्याने पुसला आणि विक्रांतपुढे धरला.

नकार आला असता, तर त्याला द्यायचे उत्तर विक्रांतने वाटेतच जुळवून ठेवले होते. नकार आलाच नाही. त्या उत्तराचे काय करावे, हे त्याला कळेना. त्याने पाना घेतला, स्टूल भिंतीशी ओढले आणि तो वर चढला.

वायर सुटली. चौकटीतला बोल्टही, थोडी कुरकुर करून, सुटला. डिरेलर हाती आला. परंतु साखळी त्याच्यातून ओवलेली होती, ती काही केल्या निघेना. विक्रांतने एकदा ओढून पाहिले, दुसऱ्यांदा हिसका दिला. मग त्याने खाली वाकून हातोडा उचलला. साखळीची एक कडी तोडायची, की काम झाले.

तेवढ्यात अंगणातल्या फरशीवर कुबडीचा आवाज आला.

यासीन दारात उभा राहिला. त्याने स्टूल पाहिले, हातोडा पाहिला, आपली सायकल पाहिली.

“साखळी तोडू नको,” यासीन म्हणाला.

विक्रांतचा हात हवेतच राहिला.

“खालच्या छोट्या चाकाचा बोल्ट काढ. पट्टी उघडते, साखळी आपोआप बाहेर येते.” कुबडी टेकत तो स्टुलापाशी आला. “चोरी करायची तर नीट तरी कर की, लेका. तालमीचं नाव घालवशील.”

कोणी हसले नाही. यासीनही नाही.

“यासीन, मी तुला...”

“सांगणार होतास?”

“नव्हतो.”

“बरं केलंस. इचारलं असतंस, तर न्हाई म्हटलं असतं.”

विक्रांतने बोल्ट काढला. साखळी खरोखरच सुटली आणि लोंबू लागली. यासीनने खालून हात पुढे केला होता. विक्रांतने डिरेलर त्या हातावर ठेवला. दुसरे काय करणार? यासीनने तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरला, त्याचे चिमुकले चाक अंगठ्याने एकदा फिरवले. मग विक्रांतचा हात ओढून त्याने तो त्याच्या मुठीत घातला.

“घे. शेवटच्या चढाला घाई करू नको. हा जरा उशिरा ऐकतो. त्याला येळ दे.”

“आणि तू?”

“मी बाहेर हाय. कट्ट्यावर. चहा सांगतो.”

कुबडीचा आवाज अंगणात गेला.

विक्रांत स्टुलावरच उभा होता. समोर लोंबणारी साखळी अजून हलत होती. मुठीतला तो धातूचा सांगाडा तळहाताला रुतत होता, तरी मूठ सैल करणे त्याला जमेना. रविवारचा घाट त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. एक एक वळण त्याला दिसले. त्या प्रत्येक वळणावर, कुबडी टेकून, यासीन उभा होता.

नको.

तो भिंतीकडे वळला. त्याने साखळी पुन्हा ओवली, छोट्या चाकाचा बोल्ट लावला, चौकटीतल्या आट्यांवर डिरेलर टेकवला आणि पाना फिरवू लागला. निवड गेली, हे त्याला कळत होते. पण छातीत काहीतरी रुंद होत चालले होते. असे कोणी केले असते का? या तालमीत तरी कोणी?

“काय चाललंय?” मागून वस्तादांनी विचारले.

“परत बसवतो आहे, वस्ताद.” त्याचा स्वर शांत होता, किंचित उंचही. “मी हा घेणार नाही. सायकल जशी होती, तशीच टांगलेली राहील.”

दाराबाहेर, कट्ट्यावर, यासीन कोणाला तरी चहा सांगत होता...

“त्यानं दिलेलं परत करतोस, ते कुणाला इचारून?” वस्ताद म्हणाले.