वर आलेला पोहरा

"अक्का, आवळायचं कसं ते शिकायला गेले, तर ती बाई म्हणते सोडा! आता मी करू तरी काय?"

कस्तुराने मठाच्या पायरीवर चप्पल काढता काढताच विचारलं. नमस्कारही राहिला. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. म्हटलं, आज काहीतरी बिनसलंय.

चंद्राक्का डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी एकच डोळा उघडला.

"कोण बाई?"

"कोल्हापूरची. फिजिओथेरपिस्ट. फोनवर दिसते, बोलते, व्यायाम सांगते."

"कशाचा?"

कस्तुराने माझ्याकडे पाहिलं. मी तांदळात मान घातली. कान कुठे घालणार?

"बाळंतपणानंतर... शिंकले, हसले, की लघवी सुटते. सूर्यनमस्कार शिकवताना बायकांसमोर सुटली. तेव्हापासून गुडघा दुखतो म्हणून सांगते अन् घरात बसते. माझा वर्ग मोडला, अक्का."

तिचा आवाज फुटला. मला फार वाईट वाटलं. एरवी ही बया कोणाला भीक घालत नाही. मठात अक्कांकडून प्राणायाम शिकली अन् गावाला शिकवू लागली. श्वास रोखावा तर कस्तुरानेच, असं सगळे म्हणायचे, अन् ते तिला ठाऊक होतं.

"मग त्या बाईकडे जात का नाहीस?"

"कशी जाऊ? घाटाची वाट, अंगावर पिणारं पोर, अन् एस.टी.च्या प्रत्येक धक्क्याला माझा जीव मुठीत. म्हणून फोन. पण फोनवरचा कसला गुरू हो? ना समोर, ना हात लावून बघते! म्हणते, तुमचा श्वास बघून वाटतं, खालचे स्नायू तुम्ही सारखे ताठ धरून ठेवता. ते दमतात, अन् ऐनवेळी कामाला येत नाहीत. आधी सैल सोडायला शिका."

"तू काय केलंस?"

"दाखवलंच तिला! मूलबंध लावला, खालचं सगळं वर आवळून धरलं, श्वास रोखला. म्हटलं, आता बघत बस. तर म्हणते, अहो ताई, चेहरा लाल झाला, श्वास घ्या!"

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला.

अक्का हसल्या नाहीत. उठल्या, अंगणातल्या विहिरीपाशी गेल्या.

"पाणी काढ."

रिकामा पोहरा वर कप्पीला टेकलेला होता. कस्तुराने दोर सैल करायला हात घातला.

"खाली सोडू नकोस. नुसता दोर ओढ."

"...ओढू?"

"ओढ."

तिने ओढलं. पोहरा कप्पीला अडला. पण हार मानेल ती कस्तुरा कसली? पाय रोवले, श्वास रोखला, पुन्हा ओढलं. गळ्याच्या शिरा वर आल्या.

"आणखी," अक्का म्हणाल्या.

"अहो अक्का, वरच आहे तो! आणखी कुठे ओढू?"

"पाणी आलं?"

"कसं येईल? खाली गेल्याशिवाय..."

ती थांबली. दोर हातात तसाच होता.



"म्हणजे गळतं म्हणून मी धरते... अन् धरते म्हणून गळतं? असं कसं, अक्का? माझं डोकंच चालेनासं झालंय."

अक्कांनी मान हलवली.

"अन् सोडलं, अन् तिथंच सुटलं तर?"

"लुगडं आहे. धुवू."

कस्तुराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दोर सोडला नाही, ओढलाही नाही. नुसती उभी राहिली.

"मग तुम्हीच शिकवा ना. तुम्ही समोर आहात, माझ्या गुरू आहात. त्या फोनवालीचं मला काही कळत नाही."

अक्कांनी तिच्या हातातून दोर काढून घेतला. तिच्या पिशवीत हात घालून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"धरायला मी शिकवलं, अन् शाबासकीही मीच दिली. सोडायला शिकवणारी यात आहे. लाव."