गप्पीच्या तोंडातला खडा

एका लहानशा गावातल्या दवाखान्यात, रोग्यांनी बसायच्या बाकासमोर, काचेची एक टाकी होती आणि त्या टाकीत एक गप्पी मासोळी राहत असे. मुलांनो, गप्पी म्हणजे करंगळीच्या पेराएवढा तो मासा, जो डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं डबक्यांत सोडतात. आपल्या गप्पीची आजी अशाच एका डबक्यात सरकारी कामावर होती आणि घराण्याला त्याचा फार अभिमान होता. "पाण्यात बारीक काही वळवळलं की विचार करत बसायचं नाही, आधी गिळायचं," ही शिकवण त्या घरात प्रत्येक पिल्लाला मिळत असे. अर्थात, ती मिळेपर्यंत पिल्लू उरलं तर.

गप्पी अंडी घालत नाही. तिची पिल्लं जन्मतःच पोहू लागतात. आपल्या गप्पीची तीन बाळंतपणं झाली होती आणि तिन्ही वेळा संध्याकाळपर्यंत टाकीत एकही पिल्लू शिल्लक राहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याची शेपटी मोरपिसासारखी होती. तो दिवसभर काचेत ती निरखत असे, त्यामुळे घरात काय घडतं हे त्याला सहसा उशिरा कळे.

तिसऱ्या वेळी गप्पी दोन दिवस कोपऱ्याकडे तोंड करून राहिली. कंपाउंडरनं खाण्याची चिमूट टाकली तरी वर आली नाही. हे पाहून एंजल माशाला वाईट वाटलं. एंजल टाकीत सर्वांत मोठा, पतंगासारखा चपटा, आणि सभा भरवण्याची त्याला अतोनात हौस.

"वहिनी," तो म्हणाला, "खरं सांगतो, त्या दिवशी डोळ्यांसमोर काहीतरी हललं. ते तुमचं होतं हे गिळल्यावर लक्षात आलं."

"तिन्ही वेळा, भाऊजी?"

"तिन्ही वेळा," एंजल प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, आता काहीतरी पक्कं करायला हवं. आपण सभा घेऊ."

हवेचे बुडबुडे येतात त्या नळीजवळ सभा भरली. एंजल अध्यक्ष झाला. तो दर सभेला होत असे. नारिंगी प्लॅटी मासोळीनं बालकांचं महत्त्व या विषयावर भाषण केलं आणि भाषण करता करता तिला स्वतःलाच गहिवरून आलं. शेवटी सगळ्यांनी बुडबुड्यांची शपथ घेतली की वहिनींच्या पिल्लांना यापुढे कोणीही तोंड लावणार नाही. गप्पीनं सर्वांचे आभार मानले आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

काचेला चिकटून एक म्हातारी गोगलगाय हे सगळं ऐकत होती. कंपाउंडर दर सोमवारी टाकी घासत असे, पण टाकीत ठेवलेल्या मातीच्या कुंडीमागच्या कोपऱ्यात त्याचा हात पोहोचत नसे. तिथलं शेवाळ खाऊन तो कोपरा लख्ख ठेवण्याचं काम गोगलगायीचं होतं. सभा पांगल्यावर ती सरकत सरकत गप्पीजवळ आली.

"छान झाली सभा," ती म्हणाली. "शपथ कोणी कोणी घेतली गं?"

"सगळ्यांनी, मावशी."

"तू?"

"मी कशाला घेऊ? मी आई आहे त्यांची!"

गोगलगायीला कसलीच घाई नसे. काचेवर सावकाश एक वळसा घेऊन ती म्हणाली, "परवा सव्वीस होती. मी वर होते, मला सगळं दिसतं. एंजलनं नऊ खाल्ली. प्लॅटीनं सहा. तुझ्या नवऱ्यानं दोन, तीही शेपटीवरून नजर चुकून हलली म्हणून. उरलेली नऊ कुठे गेली?"

गप्पीनं तोंड कोपऱ्याकडे वळवलं.

"मी थकले होते हो, मावशी," ती अगदी हळू म्हणाली. "पोट रिकामं होतं. समोर काहीतरी वळवळलं, आणि..."

"माहीत आहे. मी तुला रागवायला आले नाही. तुझ्या आजीपासून अंगात मुरलेलं आहे ते. सभा घेऊन निघायचं नाही."

"पण त्यांच्यावर माझा जीव आहे!"

"आहेच की. म्हणून भूक लागायची थांबते का? पिल्लांना लपायला जागा हवी. एंजलपासून हवी तशी तुझ्यापासूनही हवी. जागेचं मी बघते. तुझं तू बघ."

त्या दिवसापासून गोगलगायीनं कुंडीमागच्या कोपऱ्यातलं शेवाळ खाणं सोडलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला, आणि तो कोपरा न विंचरलेल्या केसांसारखा दाट हिरवा झाला. टाकीत कुजबुज सुरू झाली.

"मावशी, हल्ली कामात लक्ष दिसत नाही तुमचं," प्लॅटी म्हणाली. "काय हा पसारा! समोर बसलेले पेशंट काय म्हणतील?"

"वय झालं गं माझं," गोगलगाय म्हणाली आणि समोरच्या घासलेल्या काचेवर काही मिळतं का ते शोधू लागली. तिथे फारसं काही नव्हतं. महिनाभरात ती इतकी वाळली की शंख तिला मोठा होऊ लागला.

गप्पीही त्या महिन्यात विचार करत होती. वाळूच्या तळाशी फिरून तिनं मोहरीएवढा एक काळा खडा हेरून ठेवला. का, ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

दिवस भरले. एका सकाळी कंपाउंडरनं चिमूट टाकली तेव्हा गप्पी सर्वांच्या आधी वर आली आणि पोट तुडुंब होईपर्यंत जेवली. मग ती मागच्या हिरव्या गुंत्यात शिरली. थोड्याच वेळात शेवाळात इथे दोन डोळे चमकले, तिथे दोन चमकले. या वेळी अठ्ठावीस होती.

त्यांतली काही धीट निघाली आणि लगेच बाहेर आली. एंजल तिथेच होता.

"भाऊजी, शपथ!" गप्पी ओरडली.

"पूर्ण लक्षात आहे, वहिनी," एंजल तोंड मिटत म्हणाला. "पण ही इतक्या अचानक समोर आली की शपथेला वेळच मिळाला नाही." आणि तो ताबडतोब पुढच्या सभेच्या तयारीला लागला.

दुपारपर्यंत गप्पीला पुन्हा भूक लागली. बाळंतिणीची भूक ती, साधीसुधी नव्हे. ती शेवाळाच्या कडेनं जात असताना एक पिल्लू तिच्या मागोमाग बाहेर आलं आणि थेट तिच्या नाकासमोर वळवळू लागलं. गप्पीचं तोंड उघडलं. तिच्या घराण्यात ते नेहमीच आपोआप उघडत आलं होतं.

ती मागे फिरली, सरळ तळाशी गेली आणि हेरून ठेवलेला काळा खडा तिनं तोंडात धरला.

मग ती टाकीच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली आणि तिथेच राहिली. चिमूट पडली की ती खडा खाली ठेवी, जेवे, आणि पुन्हा उचली. प्लॅटी विचारी, "काय चघळतेस गं सारखी?" गप्पीला उत्तर देता येत नसे, कारण तोंड भरलेलं असे. "शिष्ट झाली आहे," असं प्लॅटीनं सगळ्यांना सांगितलं. एंजलला हा खड्याचा प्रकार बालिश वाटला. "माझा माझ्या मनावर पूर्ण ताबा आहे," तो म्हणाला, आणि त्या आठवड्यात आणखी चार पिल्लं कमी झाली. पोटच्या पिल्लांकडे आई वळूनही बघत नाही, हेही टाकीभर झालं. गप्पी ऐकत होती. खडा तिनं सोडला नाही.

चार आठवड्यांनी शेवाळातून सतरा पिल्लं बाहेर आली. ती आता कोणाच्या तोंडात मावण्याजोगी राहिली नव्हती. एंजलनं एक-दोघांना मापून पाहिलं आणि सर्वांचं मनापासून स्वागत केलं. गोगलगाय तोवर आपल्या कोपऱ्यात परतली होती आणि दोन महिन्यांचं राहिलेलं जेवण शांतपणे जेवत होती. एक पिल्लू तिच्या शंखाशी आलं.

"गोगलगायआजी, पलीकडे ती तोंडात खडा धरून फिरते ती कोण?"

"ती होय? ती तुझी आई."

"आई?" पिल्लू चकित झालं. "मग इतके दिवस ती आमच्याजवळ का आली नाही?"

"म्हणूनच तर हे विचारायला तू आहेस, बाळा."

पिल्लाला ते नीटसं कळलं नाही, पण ते पोहत पोहत पलीकडे गेलं आणि अगदी आईच्या तोंडासमोर जाऊन थांबलं. गप्पीनं त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं. ते आता चांगलं मोठं झालं होतं. पुन्हा एकदा पाहून तिनं खात्री करून घेतली. मग तिनं हळूच तोंड उघडलं आणि खडा वाळूत पडू दिला.

तात्पर्य : प्रेम आहे म्हणजे आपल्या हातून इजा होणारच नाही, असं धरून चालू नये. आपलं मन कुठे घसरतं हे ओळखून वेळीच दूर राहणं, हेही प्रेमच.