तेरावं बोळकं

डोंगराच्या पायथ्याशी एक कुंभारांचं गाव होतं. तिथली माती चांगली आणि मडकी त्याहून चांगली, पण वैद्य मात्र पाच कोसांत नव्हता. मडकी भाजायचा आवा पेटला की कुणाचा ना कुणाचा हात भाजायचाच. मग लोक भाजल्या जागेवर फुंकर मारायचे आणि सोसायचे. दुसरं करणार काय?

त्या गावात एक कुंभारीण आणि तिची एकुलती एक मुलगी राहायच्या. मुलगी हुशार होती. गावच्या शाळेत शिकण्यासारखं होतं तेवढं तिनं शिकून संपवलं, आणि एक दिवस आईला म्हणाली, "आई, मला नगरातल्या वैद्यशाळेत जायचंय. दसऱ्याला वर्ग सुरू होतो, आणि पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी परीक्षा असते. गावाला आपला वैद्य मिळेल."

आईनं स्वतःच्या भाजलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग उठून कोपऱ्यातला रांजण पालथा घातला. आठ वर्षं बाजारात मडकी विकून साठवलेली नाणी खळखळत बाहेर आली. बरोबर एकशेवीस!

मुलीनं आधीच नगरात चौकशी करून ठेवली होती. खोलीचं भाडं चार नाणी, धान्य-मिठाला तीन, पोथ्या-औषधांना दोन आणि सरपण-तेलाला एक. महिन्याला दहा. तिनं बारा छोटी बोळकी घेतली, प्रत्येकात दहा नाणी घातली, मातीनं तोंडं लिंपली आणि वर चुन्यानं महिन्यांची नावं लिहिली, आश्विनापासून भाद्रपदापर्यंत.

"बघ आई, कसा चोख हिशेब! एकही नाणं उरलं नाही."

आई म्हणाली, "उरलं नाही हे चांगलं की वाईट गं? एखादं बोळकं जास्तीचं नको का?"

"वर्षाचे महिने बारा. तेराव्यात काय घालू, वारा?"

लेक शिकलेली, आई अंगठेबहाद्दर. आई नुसती हसली. पण निघताना तिनं एक रिकामं बोळकं गाठोड्यात कोंबलंच. "राहू दे. रिकामं भांडं कुठंतरी कामाला येतं."

नगरात मुलीनं एका तांबटाच्या घरी खोली घेतली. तांबट दिवसभर तांब्याची भांडी ठोकायचा आणि त्याची बायको दर शुद्ध दशमीला भाड्यासाठी दारात उभी राहायची. बाई कडक होती, पण खोटी नव्हती. मुलगी दशमीला एका बोळक्याचं लिंपण फोडायची, या काकूंच्या हातावर चार नाणी ठेवायची आणि उरलेल्या सहांत महिना काढायची. स्वतःची चूल, स्वतःचा दिवा, स्वतःची किल्ली. पहिल्या दिवशी भात करपला तरी तिला तो गोड लागला. आईनं दिलेलं रिकामं बोळकं खिडकीत पडून होतं. त्यात ती केसांच्या पिना ठेवायची.

तिच्या वर्गात एका इनामदाराचा मुलगा होता. तो तीनशे नाण्यांची थैली घेऊन आला होता. थैलीला ना कप्पे, ना हिशेब. हात घालायचा, येईल तेवढं काढायचं. मनानं मोठा, आज याला जेवण, उद्या त्याला शेला. मुलीची बोळकी पाहून तो म्हणाला, "हे काय, भातुकलीचा संसार मांडलायस?" मुलगी हसली. मनातून तिला तिच्या चोख हिशेबाचा जरा गर्वच होता.

असे सहा महिने होत आले. पाडवा आला. देवळात नव्या पंचांगाचं वाचन होतं, म्हणून सगळे जमले. जोशीबुवांनी पाऊस सांगितला, पीक सांगितलं आणि मग चष्मा सावरून म्हणाले, "यंदा अधिक श्रावण आहे. श्रावण दोन."

लोकांत हशा पिकला. धोंड्याचा महिना! घरोघरी जावई येणार, अनारसे तळले जाणार. तांबटाची बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! औंदाच लेकीचं लग्न झालंय. म्हणजे जावयाचा पहिलाच धोंडा!"

मुलगी मात्र जागच्या जागी थिजली. खोलीवर जाऊन तिनं बोळकी मोजली. सहा भरलेली. मग बोटांवर महिने मोजले. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, पुन्हा श्रावण, भाद्रपद. सात! बोळक्यांवर श्रावण एकच लिहिला होता.

वैद्यशाळेचा नियम कडक होता. परीक्षेआधी जो जाईल त्यानं पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची. म्हणजे वर्षही गेलं आणि आईची आठ वर्षंही पाण्यात. तिला रडू आलं. एवढा मोठा हिशेब केला आणि वर्षच मोजायला चुकले, असं तिला झालं.

तिनं काकूंना भीत भीत विचारलं, "काकू, अधिक महिन्याचंही भाडं घेता?"

"का गं? अधिकाच्या दशमीला चंद्र उगवत नाही होय?" काकू म्हणाल्या. विषय संपला.

इनामदाराच्या मुलाची थैलीही आता अर्ध्याहून हलकी झाली होती. तो म्हणाला, "श्रावणाला अजून चार महिने आहेत. तेव्हाचं तेव्हा बघू. नाहीतर घरी निरोप पाठव, ते पाठवतील."

मुलगी विचार करत बसली. आईला निरोप पाठवला तर आई गाढव विकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाढव गेलं की माती कोण वाहणार? आणि तेव्हाचं तेव्हा बघायचं म्हटलं, तर भाद्रपदात अख्खी दहा नाणी एकदम आणायची कुठून? पण हीच दहा नाण्यांची तूट आज सात महिन्यांवर वाटली तर? तर महिन्याला दीड नाणंही येत नाही. डोंगर होता तो तिच्या डोळ्यांसमोर टोपलीभर माती झाला.

तिनं डोळे पुसले आणि सहाच्या सहा बोळक्यांची लिंपणं फोडली. साठ नाणी जमिनीवर मांडली. मग एकेक खर्च पुन्हा पाहिला. भाडं हलत नव्हतं. पोट मारून शिकता येत नाही. पोथ्या सोडल्या तर आलोच कशाला? उरलं सरपण आणि तेल.

दुसऱ्या दिवशी ती काकूंकडे गेली. "काकू, धोंड्याच्या महिन्यात तुमच्याकडं पाहुण्यांची वर्दळ असणार. मी आत्तापासून तुमचं दळणकांडण करते. मला तुमच्या चुलीवर भात शिजवू द्या आणि तुमच्या दिव्याशेजारी वाचू द्या."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अनारशाचं पीठ जमेल?"

"शिकवलंत तर जमेल."

स्वतःची चूल गेली याचं तिला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण महिन्याचा खर्च दहावरून नऊवर आला. सहा बोळक्यांत तिनं नऊ-नऊ नाणी भरली. उरलेली सहा कुठं ठेवायची? खिडकीतलं रिकामं बोळकं तिनं घेतलं, पिना काढल्या, सहा नाणी टाकली आणि वर लिहिलं, 'अधिक'. आणखी तीन हवी होती.

ती तीन नाणी एका कळकलेल्या काढ्यानं दिली. झालं असं, की वैद्यशाळेत सगळे पेले तांब्याचे. एक दिवस गुरुजींनी आवळ्याचा काढा तांब्याच्या पेल्यात ठेवला आणि तो कळकला. गुरुजी वैतागले. मुलीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं की ती कुंभाराची आहे. नगरात लोक काय म्हणतील, अशी भीती. पण आता ती उभी राहिली.

"गुरुजी, आंबट काढ्याला मातीचे पेले हवेत. मी करून देते. कुंभाराचीच आहे मी."

"मग इतके दिवस मूग गिळून बसलीस होय?" गुरुजी म्हणाले. "वीस पेले दे. पाच नाणी देईन."

तिनं नगराबाहेरच्या कुंभाराकडे आव्यात कोपरा मागितला आणि पेले रचले. तो कुंभार म्हणाला, "वीस हवेत ना? मग पंचवीस कसे लावलेस?"

"आव्यात काही तडकतातच की! वीस हवे असतील तर वीसच कोण लावतं?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आईला तर ठाऊक होतंच. मडक्यांना लावलेली अक्कल आपण नाण्यांना लावली नाही, एवढंच आपलं चुकलं. तिला स्वतःचंच हसू आलं आणि आईची फार आठवण आली.

पंचवीसांतले तीन पेले तडकले. वीस गुरुजींना गेले. पाच नाण्यांतली तीन 'अधिक'मध्ये पडली आणि उरलेली दोन तिनं आश्विनाच्या रिकाम्या बोळक्यात टाकली. कशासाठी, ते तिलाही माहीत नव्हतं.

अधिक श्रावण उजाडला. तांबटाच्या घरी जावई आला, अनारसे झाले, चांदीचं ताट झालं. मुलीनं 'अधिक' बोळकं उघडलं आणि काकूंच्या हातावर चार नाणी ठेवली. काकूंनी ती घेतली, आणि तिच्या पानात तीन अनारसे वाढले. तेही मोजूनच.

त्याच आठवड्यात इनामदाराचा मुलगा आला. त्याचा शेला विकला गेला होता. वडिलांचा निरोप आला होता, 'तीनशे नाणी पुरली नाहीत, तर चारशेही पुरणार नाहीत. घरी ये.'

"थोडी नाणी देतेस?" त्यानं मान खाली घालून विचारलं.

मुलीचा जीव कळवळला. तिनं आश्विनाचं बोळकं त्याच्यापुढं उपडं केलं. "दोन आहेत. दोन नाण्यांत महिना निघत नाही. पण घरापर्यंतची बैलगाडी मिळते. जा, आणि दसऱ्याला परत ये. पुन्हा पहिल्या धड्यापासून, पण ये. आणि येताना वाटेत माझ्या आईला भेट."

भाद्रपद सरला, नवमीला परीक्षा झाली. आणि कुंभाराची मुलगी वैद्य झाली.

दसऱ्याच्या सकाळी ती गाठोडं घेऊन दारात आली, तर समोर आई उभी! सोबत गाढव, आणि गाढवाच्या पाठीवर पाटीभर बोळकी. शेजारी इनामदाराचा मुलगा.

"सावकाश उतरवा, फुटतील," तो आईला म्हणत होता. मग मुलीला पाहून लाजत म्हणाला, "पुढच्या वर्षी अधिक महिना नाही. लागोपाठ दोन वर्षं येतच नाही, मी जोशीबुवांना दोनदा विचारलं. तरी बाबांनी नव्यानं दिलेली नाणी तुझ्या आईनं तेरा बोळक्यांत भरायला लावली. आणि वर हे एक रिकामं!"

"अधिक महिना नसला म्हणून काय झालं?" आई म्हणाली. "आव्यात कुठलं तडकणार, हे आधी कुणाला कळतं का?"

त्यानं कनवटीची दोन नाणी काढून मुलीपुढं धरली. मुलीनं ती घेतली आणि त्याच्याच रिकाम्या बोळक्यात टाकली.

मग तिनं आईचं भाजलेलं मनगट हातात घेतलं, गाठोड्यातली मलमाची डबी उघडली आणि तिथंच, भर रस्त्यात, आपला पहिला रोगी तपासायला बसली.

तात्पर्य: घर सोडून शिकायला निघाल तेव्हा पै-पैचा हिशेब मांडा, पण वर्षाला महिने बाराच असतात असं समजू नका, आणि तूट दिसली की ती अंगावर कोसळायची वाट न पाहता त्याच दिवशी बोळकी उघडून पुन्हा भरा.