पांढरे पेर

फार पूर्वी इक्षुमती नदीकाठच्या नगरात राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने दातवण विकणाऱ्याच्या कुळात जन्म घेतला. करंजाच्या आणि निंबाच्या काड्या तोडून तो पहाटे घरोघर देई. सगळे त्याला करंजक म्हणत.

त्याच नगरात ऊस पिकवणाऱ्यांचा प्रमुख होता इक्षुदत्त. तिथली रीत अशी की हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रमुखाने राजासमोर उसाचे एक पेर दातांनी सोलायचे आणि वर धरून सर्वांना दाखवायचे. पेर पांढरेशुभ्र निघाले की कोयते शेतात शिरत. त्यावर रक्त दिसले तर प्रमुखपद गेले. इक्षुदत्ताच्या आजोबांनी, बापाने आणि मग त्याने स्वतः तीस वर्षे हा मान राखला होता.

पण अलीकडे त्याच्या हिरड्या सुजत. काडी लावली की रक्त येई. त्यावर त्याने मोठी शहाणी युक्ती काढली. त्याने काडीच सोडली, आणि रक्त दिसू नये म्हणून दिवसभर विडा चघळू लागला. लालात लाल कोण शोधणार? पत्नी सुनीथेने दातांच्या कण्या केल्या, पण हा ढिम्म. गेल्या हंगामात पेरावर एक थेंब पडला, तो त्याने अंगठ्याखाली झाकला. त्या अंगठ्याची लाज त्याला वर्षभर पुरली.

हंगामाला तीन महिने उरले तेव्हा त्याने करंजकाला बोलावले.

"तुझे दात घट्ट आहेत. तू सोललेले पेर माझ्या उपरण्याखाली दे. नदीकाठची जमीन तुझी."

करंजकाच्या कुळात कुणी स्वतःची जमीन पाहिली नव्हती. तरी तो म्हणाला, "प्रमुख, पेर बदलता येईल, तोंड कसे बदलाल? मला जमीन नको. तुमच्या रोजच्या दोन घटका द्या."

"अरे, पण काडीने रक्त येते!"

"काडीने नाही, साचलेल्या मळाने येते. जिथे येते तिथेच हळू हात फिरवा."

मग रोज सकाळी आणि रात्रीच्या जेवणानंतर इक्षुदत्त अंगणात बसू लागला. काडीचे टोक चावून मऊ करायचे, दात आणि हिरडी मिळतात तिथे एकेक दात घासायचा, जीभ साफ करायची, चूळ भरायची. पहिले आठ दिवस रक्त आले. तो करंजकाच्या नावाने बोटे मोडी, पण उठत नसे. विडा सुटला तशी माणसे हसू लागली, "प्रमुखांच्या ओठांचा रंग उतरला!"

"हसतील त्याचे दात दिसतील," इक्षुदत्त म्हणे, "आणि कुणाच्या हिरड्या लाल आहेत तेही मला दिसेल."

महिना उलटला. एके सकाळी चुळीचे पाणी स्वच्छ पडले. त्याने सुनीथेला हाक मारून ते दाखवले. तिला हसू आले, आणि डोळे भरूनही आले.

हंगामाच्या दिवशी त्याने ऊस तोंडाला लावला. साल कराकरा निघाली. पेर त्याने लगेच वर धरले नाही. आधी स्वतः फिरवून पाहिले, मग दोन बोटांच्या चिमटीत, अंगठा दूर ठेवून, चारही दिशांना दाखवले. पांढरे! त्याची छाती अभिमानाने भरून आली.

राजाने विचारले, "या वयात असे दात? कोणते औषध घेतोस?"

इक्षुदत्ताने कमरेची झिजलेली काडी काढली आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या करंजकाला हात धरून पुढे आणले. "महाराज, गेल्या वर्षी मी डाग झाकला होता. यंदा झाकायला काही नाही. हे यांचे देणे." राजाने कबुलीला मान डोलावली आणि कोयत्यांना शेतात शिरण्याची खूण केली.

दुसऱ्या पहाटे करंजकाच्या जुड्या पहिल्याच गल्लीत संपल्या.

कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे भिक्खूंच्या गुरूंनी, समोरच्या भिक्खूकडे पाहिले. रक्त येते म्हणून त्याने दातवण टाकले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा इक्षुदत्त हाच. सुनीथा ही याची या जन्मीची माता, आणि करंजक मी होतो. भिक्खू, काडी तेव्हाही तू एकदा टाकली होतीस, आणि पुन्हा उचलून रोज हाती धरली होतीस. लहान काम एकही दिवस न चुकवणे, यालाच अप्रमाद म्हणतात."